आबांचे दोन्ही पाय डावे

आमचे सासरे आयुष्यात कधीही काश्मीरला गेलेले नाहीत.

हे साधं, सरळ, खरं वाक्य आहे. मी ते जळगावात सांगितलं, धुळ्यात सांगितलं, बोदवडच्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीत उभी राहून सांगितलं. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि विचारतात, "मग मनालीला गेले होते का?"

या सगळ्याला मी जबाबदार आहे. (आमच्या घरात कशालाही जबाबदार मीच असते, पण या वेळी खरोखरच होते.)

झालं असं, की पस्तीस वर्षं पोरांना गणित शिकवून मी निवृत्त झाले आणि घरी बसून ह्यांच्या चुका काढायला लागले. आमची मुलगी पुण्याला असते. तिने फोनवर एक आठवडा हे ऐकलं आणि म्हणाली, "आई, तू काहीतरी शिक. नाहीतर तू बाबांना काहीतरी करशील." मग तिनेच एक काळी पाटी पाठवली. पाटी म्हणजे आपली शाळेतली नव्हे. तिच्यावर पेनाने रेघ ओढली की ती रेघ कॉम्प्युटरवर उमटते. सोबत एका ऑनलाइन चित्रकला वर्गात माझं नावही घातलं. आपण फोटो काढायचा, तो कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि त्यावर रंगवून रंगवून असं चित्र करायचं, की फोटो कुठे संपला आणि चित्र कुठे सुरू झालं हे कळता कामा नये.

आमच्या सरांनी पहिलाच अभ्यास दिला तो असा: 'हिवाळ्यातला सण. बर्फाचं दृश्य. माणसं खरी, बाकी सगळं रंगवलेलं.'

बर्फ! जळगावात! जिथे मे महिन्यात फ्रीजसुद्धा घाम पुसतो! पण निवृत्त गणित शिक्षिका 'हे उदाहरण सुटत नाही' असं म्हणत नसते. संक्रांत जवळ आलेली होती. मी मनात चित्र पक्कं केलं. मागे हिमशिखरं, लाकडाचं घर, घराच्या पायरीवर पणत्या, आकाशात पतंग, मध्ये शेकोटी आणि शेकोटीभोवती आमचं सुखी कुटुंब. (सुखी कुटुंब हे खरं तर 'बाकी सगळं रंगवलेलं' यात यायला हवं होतं.)

बोदवडला माझ्या माहेरचं कापसाचं शेत आहे. तिथून एक गाठोडं कापूस मागवला आणि तो गच्चीवर पसरला. पायाखाली थोडा खरा पांढरेपणा असला की पुढचं रंगवायला सोपं जातं, असं सर म्हणाले होते. मग भर दुपारी, ऊन चांगलं मिळतं म्हणून, सगळ्यांना स्वेटर, मफलर आणि कानटोप्या घालून वर बोलावलं.

सासरे म्हणजे आबा. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, कालव्यांच्या काठाने मैलोन्‌मैल चालण्यात आयुष्य गेलं, आणि आता गुडघे असे धरलेले, की संडासापर्यंत जायचं तरी भिंतीशी बोलणी करावी लागतात. त्यांना आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट दोघांनी उचलून वर नेलं.

"हाई काय शे?" आबांनी कापसाकडे बघून विचारलं. आमचं मूळ गाव सोनगीरजवळचं, त्यामुळे आबा, अक्का आणि नणंद घरात अहिराणीच बोलतात.

"बर्फ आहे, आबा."

"हाऊ कापूस शे."

"फोटोत बर्फ होईल."

"मंग माले पन फोटोमाच घाम येऊ दे," असं म्हणून त्यांनी कानटोपी काढली. मी पुन्हा घातली.

सासूबाई, म्हणजे अक्का, त्या कापसात बसल्या आणि समोर इतका कापूस पाहून त्यांचा हात आपोआप चालू लागला. मी कॅमेरा लावेपर्यंत त्यांनी बर्फाच्या मूठभर वाती वळल्या होत्या! ह्यांच्या हातात फावडं दिलं होतं. बर्फ उपसणारा कणखर पुरुष असा माझा विचार होता. कॅमेऱ्यातून पाहिलं तर नगरपालिकेची गटार तुंबल्यासारखा चेहरा.

"पोट आत घ्या!"

"ते आतच आहे," हे म्हणाले, "हे बाहेरचं आहे ते स्वेटर आहे."

शेजारच्या गच्चीवरून वहिनी ओरडल्या, "गादी उसवली का हो?" मी ऐकलं नाही असं केलं. कलाकाराला हे सोसावं लागतं.

पुढचे बरेच दिवस मी कॉम्प्युटरपुढे होते. ह्या प्रकारात चित्र एकावर एक थर ठेवून करतात. पारदर्शक कागदांची चवड असावी तसं. एका कागदावर डोंगर, दुसऱ्यावर घर, तिसऱ्यावर पडणारा बर्फ. कुठलाही कागद झाकता येतो, पुन्हा दाखवता येतो. अक्कांच्या हातातल्या वातीवर मी बर्फाचा गोळा रंगवला. ह्यांचं पोट एका फटक्यात आत घेतलं. (पंचवीस वर्षांत डॉक्टरांना जमलं नव्हतं.) अडलं ते आबांपाशी. हिमालयात प्लॅस्टिकची लाल खुर्ची शोभेना. मग मी खुर्ची पुसली. खुर्चीबरोबर आबांचे पायही गेले. अधांतरी अर्धे आबा! तेव्हा पाय रंगवायचे ठरवले, आणि रंगवायचेच आहेत तर वाकडे कशाला, म्हणून दणदणीत रंगवले. एक पाय जमिनीवर, दुसरा लेझीम खेळल्यासारखा वर उचललेला. आबा शेकोटीपुढे नाचत होते!

चित्र सरांना पाठवलं. सरांनी लिहिलं: 'बर्फ ठीक. एकूण दृश्य खोटं वाटतं. आजोबांचे दोन्ही पाय डावे आहेत.'

मी चष्मा पुसून पाहिलं. होते. दोन्ही अंगठे एकाच बाजूला.

खोटं वाटतं म्हणे! मला ते लागलं. म्हटलं, तुम्हाला काय कळतंय? खऱ्या रसिकांना दाखवते. म्हणून संक्रांतीच्या सकाळी मी ते चित्र आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला.' आणि हे चित्र आहे, रंगवलेलं आहे, असं एक अक्षरही लिहिलं नाही. मुद्दाम. बघू तर कोण ओळखतं!

कोणी ओळखलं नाही.

"वाऽ! कधी गेले होते?"

"किती उणे तापमान होतं?"

"आबांची तब्येत छान दिसते!"

बोदवडच्या मामींनी लिहिलं, "अक्रोड आणले असतील तर थोडे आमच्याकडे पाठवा." मी तर हवेतच! माझ्या कलेला याहून मोठी दाद ती कुठली? मी कोणालाच उत्तर दिलं नाही. नुसती हसरी तोंडं पाठवत राहिले. सरांना ते सगळे संदेश पाठवावेत की काय, असाही विचार करत होते. तेवढ्यात पडद्यावर एक बारीक ओळ आली. 'विमलताई ग्रुपमधून बाहेर पडल्या.'

विमलताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. शिंदखेड्याला असते. इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. संक्रांतीच्या आधीच्याच महिन्यात विमलताईंनी नवं घर बांधून वास्तुशांत केली होती. त्या दिवशी सकाळी आबांचे गुडघे नारळाएवढे सुजले. आबांना सोडून अक्का निघेनात, दोघांना सोडून मी निघेना. ह्यांनी आपली मुत्सद्देगिरी लढवली, "अर्धे गेलो तर बाकीचे का आले नाहीत हे सांगत बसावं लागेल. त्यापेक्षा कोणीच नको जायला." आणि विमलताईंना कळवलं, आबांना पाऊल टाकवत नाही.

ते पाऊल आता, दोन्ही डाव्या पायांसकट, हिमालयात नाचत होतं!

मी घाईघाईने फोन लावला. तिकडून गोड गोड बोलणं सुरू झालं.

"ताई, अहो, तो फोटो..."

"दखा तो मी. डोया शेतस माले."

"ते चित्र आहे, ताई! मी रंगवलंय!"

"मनी वास्तुशांत व्हती तवय आबाना गुडघा दुखे. नि आते बर्फमा नाची ऱ्हायनात! शिंदखेडा दूर पडं, काश्मीर जवळ पडं!"

"ताई, नीट बघा, आबांचे दोन्ही पाय डावे आहेत!"

"म्हातारपनमा व्हस तसं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही बोला. तुमची बहीण आहे." हे बोलले. परत येऊन खाली बसले आणि म्हणाले, "ती म्हणते, राखी आता पोस्टाने पाठवेन." आमच्या घरात हा फाशीच्या आधीचा हुकूम असतो.

खरी गंमत अजून व्हायचीच होती. आमच्या कॉलनीत एक नाना आहेत. आबांच्या वयाचे, रोज संध्याकाळी ओट्यावर गप्पा मारायला येतात. त्यांनीही तो फोटो कोणाच्या तरी फोनमध्ये पाहिला. आत मी चहा करत होते. बाहेरून ऐकू आलं.

"काय आबा, काश्मीर करून आले, पत्ता लागू दिला नाही!"

आता आबा हसतील, सुनेच्या खेळाची गोष्ट सांगतील, म्हणून मी कान देऊन उभी राहिले. मग आबांचा आवाज आला. जरा जडच.

"हां. जाई उनूत."

जाऊन आलो म्हणे! मी साखरेचा डबा ठेवून दाराशी आले.

"बर्फ कसा असतो हो?"

"आपली कुल्फी ऱ्हास ना," आबा म्हणाले, "तशीच. पन चारी बाजूले पसरेल."

"आणि तुम्ही चक्क नाचले!"

"थंडीमुये. उभं ऱ्हायनं की पाय गोठतस. नाचनंच पडस."

रोज संध्याकाळी काश्मीर वाढत गेलं. बुधवारी आबा घोड्यावर बसले. गुरुवारी घोडा घसरला, आबा नाही घसरले. शुक्रवारी नानांच्या बरोबर आणखी श्रोते आले आणि माझ्यावर चहा वाढला. मी एकदा आत बोलावून हळूच म्हटलं, "आबा, तुम्ही खोटं का सांगता?" तर आबा म्हणाले, "मी कोठे सांगस? तुना फोटो सांगस." मी चहाचं आधण वाढवलं.

शनिवारी मात्र नाना एकटेच, थेट स्वयंपाकघराच्या दारापाशी आले. चेहरा गंभीर.

"सूनबाई, आमच्या हिचे गुडघे गेलेत, तुम्हाला माहीतच आहे. आबा म्हणाले बर्फात चाललो आणि गुडघे मोकळे झाले. मी काश्मीरची तिकिटं बघतोय. तुम्ही कुठे उतरले होते?"

मी आबांकडे पाहिलं. आबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. उलटा.

नानांच्या घरची काकू म्हणजे घरातल्या घरात वॉकर घेऊन फिरणारी बाई. तिला हा माणूस माझ्या रंगाच्या भरवशावर बर्फात उभं करणार होता! आता गप्प बसणं शक्य नव्हतं. खरं बोललं तर आबांची सगळ्या कॉलनीत शोभा होणार, आणि नाही बोललं तर काकू गोठणार. मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी फाटक वाजलं.

विमलताई! सकाळच्या पॅसेंजरने शिंदखेड्याहून आल्या होत्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर वास्तुशांतीचा होम अजून पेटलेला.

"पानी नको," मी ग्लास पुढे करायच्या आत त्या म्हणाल्या. "मी आबासले इचाराले उनू. आबा, खरं सांगा. काश्मीरले गयतात का नही?"

आबा पेपरामागे. नाना वाट बघतायत. अक्का देवघरातून मोठ्याने स्तोत्र म्हणायला लागल्या. हे तर मांजराच्या पावलाने मागच्या दारी गेले. (पोट आत घेऊन. इतर वेळी जमत नाही.)

मी विमलताईंचा हात धरला, नानांनाही आत बोलावलं आणि दोघांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. चित्र उघडलं आणि एकेक थर झाकायला सुरुवात केली.

पडणारा बर्फ गेला. विमलताई ताठ बसल्या होत्या.

पतंग गेले, शेकोटी गेली. हिमशिखरं गेली आणि मागे आमची पाण्याची टाकी उभी राहिली. नाना म्हणाले, "अरे, ही टाकी तर काश्मीरला..." आणि थांबले. लाकडाचं घर गेलं, तिथे शेजारच्या वहिनी कठड्यावरून डोकावत होत्या. ह्यांचं पोट बाहेर आलं. अक्कांच्या हातातला गोळा जाऊन वात आली. विमलताईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला.

मग मी आबांचे पाय झाकले. आबा अर्धे झाले. शेवटचा थर काढला, आणि त्या भर उन्हातल्या कापसात लाल प्लॅस्टिकची खुर्ची आली. तिच्यात आबा. कानटोपी कपाळावर, दोन्ही हात दोन्ही गुडघ्यांवर घट्ट दाबलेले, तोंडावर दुखणं अगदी स्वच्छ दिसत होतं. फोटो काढताना मी उजेडाकडे बघत होते. आबांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं.

दारात काठीचा आवाज झाला. आबा भिंत धरून येऊन उभे होते.

"मी गयतू नही," आबा म्हणाले. "पन त्या फोटोमा मी उभा व्हतू, बाई. मना सोताना पायवर. माले बरं वाटनं. नानानी इचारं तवय तोंडमाईन 'हां' निंघी गयं."

विमलताईंनी पदर डोळ्यांना लावला. मग उठल्या, आबांना धरून खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून तिथेच खाली बसल्या. नाना खिडकीबाहेर बघत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "आबा, उद्या या ओट्यावर. घोड्याचं अर्धंच राहिलंय." नानांबद्दलचं माझं मत त्या दिवसापासून फार चांगलं आहे.

मग पाणी झालं, चहा झाला, तिळगूळ झाला. हे मागच्या दाराने परत आले आणि "काय, मिटलं ना? मी म्हणतच होतो," असं म्हणाले. (ते काही म्हणत नव्हते.) विमलताई मात्र पुन्हा पुन्हा कॉम्प्युटरकडे बघत होत्या.

"मीना," त्या म्हणाल्या, "तू आबाले काश्मीरमा उभं करं. मंग मना घरमा उभं करता येई का?"

त्यांनी फोनमधून वास्तुशांतीचा फोटो काढला. नवं घर, दाराला तोरण, पूजेला बसलेल्या विमलताई आणि दाजी, भोवती सगळं सासर. माहेरचं एक माणूस नाही. तेवढी जागा त्या फोटोत रिकामी दिसत होती, म्हणजे मला तरी दिसली.

ते चित्र मी जीव ओतून केलं. जुन्या फोटोंमधून अक्कांना काढलं, जरीचं पातळ नेसवून चौरंगापाशी बसवलं. ह्यांच्या हातात प्रसादाची वाटी दिली. आबांना पांढरं धोतर, टोपी, आणि दारात, तोरणाखाली, ताठ उभं केलं. पाय रंगवताना स्वतःचे दोन्ही पाय टेबलावर घेऊन समोर ठेवले होते. एक डावा, एक उजवा! सावल्या जुळवल्या, उजेड जुळवला. आमचे सर असते तर रडले असते. विमलताईंनी ते धुळ्याला मोठं छापून घेऊन, चौकट करून, दिवाणखान्यात अगदी समोरच्या भिंतीवर लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, की माहेरची बठ्ठी माणसं उन्ही व्हतीत, सगळीच्या सगळी आली होती.

उन्हाळ्यात आबांच्या गुडघ्यांची सूज जरा उतरली, तेव्हा आम्ही सगळे शिंदखेड्याला गेलो. घर पाहिलं, जेवणं झाली. दिवाणखान्यात पाहुण्या बायका जमल्या होत्या. मी सगळ्यांना ताक देत होते आणि मनातल्या मनात कौतुकाची वाट बघत होते. त्यांतल्या, वास्तुशांतीला नसलेल्या, एक आजी चौकटीपुढे उभ्या राहिल्या. चष्मा वर केला, एकेक माणूस बोटाने मोजलं. मग वळून माझ्याकडे बघितलं.

"आबा उनात. अक्का उनात. भाऊ उना. हाई सून नही उनी का वास्तुशांतले?"

मी चित्राकडे पाहिलं. मी चौरंगापासून तोरणापर्यंत सगळ्यांना चित्रात घातलं होतं, विमलताईंच्या गल्लीतला कुत्रासुद्धा पायरीवर होता, आणि स्वतःला घालायचं विसरले होते!

मी आशेने विमलताईंकडे बघितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा जमलेल्या बायकांकडे पाहिलं. गेले काही महिने सगळ्या गावाला त्यांनी काय सांगितलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"नही उनी," विमलताई शांतपणे म्हणाल्या. "तिले येळ कोठे शे? दिनभर कॉम्प्युटरवर चित्रे काढस."

बायकांनी 'अस्सं!' म्हणून माना हलवल्या. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून आबांचा आवाज आला. खणखणीत.

"मी तिले म्हनं व्हतं, चाल म्हनीसन! आयकं नही तिनी!"

मी ताकाचा ग्लास त्या आजींच्या हातात दिला, मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलंच माझं."